डाव्या नळीचा वारस

मी, यूनुस नूरुद्दीन पर्कार, वय बासष्ट, मूळ राहणार मौजे पाचकोंड, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी, सध्या मुक्काम सालमिया, कुवेत, आज शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलापाशी बसून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे हृदयाच्या तीन नसा तुंबल्या आहेत. डोक्याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. माझ्यावर कुणाचा दाब नाही. असता तर तो माझी पत्नी असमा हिचा असता, आणि तिचं म्हणणं तर उलटं आहे, की ऑपरेशन तोंडावर आलेलं असताना माणसाने असले कागद लिहू नयेत. स्वयंपाकघरात ती भांडी जरा जास्तच जोराने ठेवते आहे, ते त्यासाठी.

उद्या मला भरती व्हायचं आहे, परवा छाती उघडणार. पण कागद आजच लिहायला घेतला त्याला आणखी एक कारण आहे. समोर फोन ठेवला आहे. आज गावी रान काढणार आहेत, म्हणजे भातात शिरणाऱ्या डुकराला आरडाओरडा करून जंगलातून बाहेर हाकणार आहेत, आणि माझा मुलगा आतिफ माझी बंदूक घेऊन आयुष्यात पहिल्यांदा बसणीवर, म्हणजे बार काढणाऱ्याच्या जागेवर, बसला आहे. गावचं घड्याळ आमच्या पुढे. इकडे माझा चहा होईपर्यंत तिकडे हाकेकरी डोंगरात शिरलेही असतील. त्या रानात फोन लागत नाही. बातमी येईपर्यंत हाताला काहीतरी काम हवं, ते हे.

शेजारचा साकिब राजापूरचा. त्याने आयुष्यभर मंदूब म्हणून लोकांचे कागद इथल्या सरकारी कचेऱ्यांतून फिरवले. त्याने बजावून सांगितलं आहे की खाडाखोड करायची नाही. केली तर जागोजागी सह्या लागतात आणि कोर्टाला संशय येतो. म्हणून जे लिहीन ते राहील. मन बदललं तर पुढचं कलम लिहीन. मराठीत लिहितो, कारण गावचा तलाठी आणि काशिनाथ दोघांना वाचता आलं पाहिजे. आतिफला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि त्याची बहीण इक्रा हिला मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर देते. त्यात दोष सालमियाचा नाही, आमचा आहे.

कलम पहिलं. माझे वारस तीन: पत्नी असमा, मुलगा आतिफ, मुलगी इक्रा. शरीयतने त्यांचे वाटे ठरवून दिलेले आहेत, त्यात मी बोट घालत नाही. माझ्या मर्जीने मला फक्त एक तृतीयांशापर्यंत देता येतं, आणि त्यातलंही एखाद्या वारसालाच द्यायचं झालं तर बाकीच्या वारसांनी ते मान्य करावं लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बंदुकीचं घोडं पुढे इथेच अडणार आहे.

कलम दुसरं, कुवेतमधल्या चीजवस्तूंबद्दल. फ्लॅट भाड्याचा, तेव्हा त्यावरून भांडायची सोय नाही. शिवणयंत्र असमाचं आहे, माझ्या मिळकतीत धरू नये. दुर्बीण इक्रा समुद्रावरचे पक्षी बघायला म्हणून घेऊन गेली ती परत आली नाही, ती तिचीच समजावी. हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहणाऱ्या हौशी लोकांचं सामान विकणाऱ्या दुकानात मी नोकरी करतो. तिथला माझा सुऱ्यांचा संच माझ्या हाताखालच्या ओवैसला द्यावा. तो धार चांगली लावतो आणि गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, हे दोन्ही गुण मला एकत्र कधी जमले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ईदला नेलेलं मोठं पातेलं अजून त्यांच्याकडे आहे. माझ्या मयतीला आले तर आठवण करावी.

कलम तिसरं, पाचकोंडच्या घराबद्दल आणि शेतीबद्दल. घर मी आणि धाकटा भाऊ मुझफ्फर यांचं निम्मं निम्मं. माझं निम्मं वारसांना जाईल. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेची खालची भातखाचरं मात्र मी माझ्या एक तृतीयांशातून काशिनाथला देतो. काशिनाथ आमचा शेजारी, वाडीतला कुणबी, माझ्याच वयाचा. ती खाचरं तोच कसतो, तोच राखतो, आणि डुकरांनी नासवली की शिव्याही तोच देतो. सातबाऱ्यावर नाव माझं आहे एवढंच काय ते माझं. मुझफ्फरने हरकत घेतली तर तलाठ्याने हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

फोन अजून गप्प आहे. असमा येऊन बघून गेली.

कलम चौथं, बंदुकीबद्दल. बारा बोरची दुनळी, घोडे बाहेर असलेली, अब्बांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. परवाना आता माझ्या नावावर आणि वापरणारा म्हणून त्यावर आतिफचं नाव आहे. मी गेल्याची खबर गावात पोचताच बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. पुढचा परवाना होईपर्यंत कुणी तिला हात लावू नये, मग तो हात बापाला माती देऊन आलेला का असेना.

आमच्या दुकानाचे मालक अबू सालेम ससाण्यांचे शौकीन. मी शिकार करतो हे कळल्यावर त्यांनी खूश होऊन चहा मागवला आणि कसली म्हणून विचारलं. डुकराची, खिंजीरची, म्हटल्यावर पेला खाली ठेवला. जे खायचं नाही ते मारता कशाला, म्हणाले. मी म्हटलं, आम्ही त्याला खात नाही, पण तो आमचं भात खातो. त्यावर बराच वेळ हसले आणि मग विचारलं, मारल्यावर त्याचं करता काय?

आमच्या गावात त्याचं उत्तर ठरलेलं आहे. बंदूक पर्कारांची, हाका कुणब्यांचा. बार आम्ही काढायचा, जनावर वाडीने उचलायचं. पूर्वी वाटे पडायचे, बार काढणाऱ्याचा म्हणून मुंडीचा वाटा निघायचा, आणि आम्हाला तो चालत नाही म्हणून काशिनाथच्या घरी जायचा. आता वनखात्याच्या परवान्याच्या अटीप्रमाणे वनरक्षकासमोर खड्ड्यात पुरतात, निदान कागदावर तरी. डुकराला आम्ही हात लावत नाही. पण अब्बांचा नियम होता की हात लावायचा नाही म्हणून पाठ फिरवायची नाही. डुक्कर पडलं की बसणीवरून उतरायचं, डाव्या नळीचा घोडा चढवून पुढे चालत जायचं, आणि ते खरंच मेलं आहे हे आपण बघितल्याशिवाय मागच्या एकाही माणसाला पाऊल टाकू द्यायचं नाही. मग बाजूला व्हायचं, पऱ्यावर हात धुवायचे आणि घरी यायचं. उजवी नळी डुकरासाठी, डावी मागच्या माणसासाठी, असं अब्बा म्हणत.

मुझफ्फरने या नियमातला आपल्या सोयीचा तेवढा भाग पाळला. मी इकडे, तेव्हा वापरणारा म्हणून परवान्यावर त्याचं नाव होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बाराने एक सुळेवालं डुक्कर करवंदीच्या जाळीत पडलं. हा बसणीवर बसून राहिला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "आमच्यात चालत नाही, तुम्ही बघा." काशिनाथ कोयता घेऊन पुढे गेला. डुक्कर उठलं. मुझफ्फरची डावी नळी भरलेली होती, पण तो इतका मागे होता की मध्ये काशिनाथच आला, त्याला बार काढता येईना. काशिनाथची मांडी गुडघ्यापासून वर फाटली. तो अजून लंगडतो. मुझफ्फर दवाखान्यात गेला नाही. मलमाची एक ट्यूब पाठवली, आणि वर म्हणाला की काशिनाथने घाई केली.

पुढच्या मे महिन्यात मी गावी जाऊन परवान्यावरून मुझफ्फरचं नाव काढलं आणि आतिफचं चढवलं. तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. विहिरीच्या वाटेवर त्याने फाटक घातलं, म्हणजे काशिनाथच्या बायकोने, मुक्ताने, हंडा घेऊन वळसा मारून जावं. त्या ट्यूबला आणि त्या फाटकाला माझ्याकडून माफी नाही, हे या कागदात राहू दे.

कलम पाचवं. डुकराला कुठली बंदूक लागते यावर आमच्या घरात जितकं भांडण झालं तितकं वाटणीवरून झालं नाही. मी गेल्यावर कुणी माझ्या नावावर भलतंच मत खपवू नये म्हणून माझं मत लिहून ठेवतो.

मुझफ्फरने पुढे स्वतःच्या परवान्यावर पाच बारांची पंप घेतली. तो म्हणतो, पाच बार असले की उठून जावंच लागत नाही, बसल्या जागी काम होतं. मी त्या बंदुकीला नळकांडं म्हणतो. पाच आहेत म्हणून माणूस पहिला नीट मारत नाही.

आतिफचं मत रायफलीचं. दुर्बीण लावलेली, लांबून, शांतपणे, एका गोळीत. मोठमोठ्या मैदानांत लोक गाडीत बसून डुकरं मारतात, असे व्हिडिओ त्याने बघितलेत. "अब्बा, तुमची दुनळी म्युझियममध्ये द्या," असं तो मला या टेबलावर म्हणाला होता. मी त्याला विचारलं की पाचकोंडात तुला मैदान कुठे दिसलं? आमच्या रानात डुक्कर दिसतं तेव्हा ते बैलगाडीच्या लांबीवर आलेलं असतं, आणि त्याच्यामागून हाकेकरी येत असतात. रायफलीची गोळी डुकराच्या आरपार गेल्यावर कुणाच्या घरी जाऊन थांबेल याचा हिशेब दुर्बिणीत दिसत नाही. छर्रे नकोत, कारण जाड कातड्याला ते नुसते डिवचतात. जवळून जड गोळी मारणारी बंदूक हवी, आणि दुसरी गोळी हाताशी हवी, चालत जाण्यासाठी. म्हणजे दुनळी. आतिफने या उन्हाळ्यात गावी बंदूक पुसताना डावा घोडा सैल वाटतो, आतली स्प्रिंग बदलून घेऊ, असंही काढलं होतं. मी म्हटलं, तो अब्बांच्या काळापासून तसाच आहे. बापाच्या बंदुकीत खोट काढली की रायफलीचा रस्ता मोकळा होतो, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

कलम सहावं, बंदूक कुणाला. दोन नावं आहेत. एक आतिफ. दुसरा काशिनाथचा मुलगा बाळा. तो चांगला कर्ता माणूस आहे, हाक्यात सगळ्यांच्या पुढे असतो आणि परवान्यासाठी अर्ज करू शकतो. बाळा वारस नाही, त्याला द्यायला कुणाची मान्यता लागत नाही. आतिफला द्यायची तर असमा आणि इक्रा यांनी सही करायला हवी. असमा करील. इक्राने काल स्पष्ट सांगितलं, "आय वोंट साइन फॉर अ गन, अब्बा."

पण खरी अडचण सहीची नाही. आतिफला मी नियम शिकवला आहे, मातीच्या बांधावर बार काढायला लावले आहेत. शिकवलेलं पायात उतरलं आहे की नाही ते मला माहीत नाही. हा मुलगा सालमियात वाढला. न्हाणीघरात झुरळ निघालं तर बहिणीला हाक मारतो. यंदा मला गावी जाता येईना, भात पिकून उभं, वनखात्याच्या परवान्याची मुदत संपत आलेली, आणि काशिनाथ म्हणाला पलीकडच्या बसणीवर मुझफ्फर आपली पंप घेऊन बसेल, पण दुसरीवर आमच्या घरचं कुणीतरी हवं. तेव्हा आतिफ स्वतःहून म्हणाला की मी जातो आणि तुमच्या ऑपरेशनाच्या आत परत येतो. उद्याचं तिकीट आहे त्याचं.

तेव्हा असं ठरवतो. आज डुक्कर पडलं आणि आतिफ उठून पुढे चालत गेला, तर बंदूक त्याची, इक्राची समजूत मी घालीन. तो बसून राहिला, तर बंदूक बाळाची. बंदूक डाव्या नळीच्या वारसाला जाईल. उजवीचे वारस गावात पुष्कळ आहेत. खाली दोन ओळी मोकळ्या सोडतो.

........................................

........................................

हे वर लिहिलं ते परवानाधारकाने लिहिलं. बाप म्हणून मला वाटतं की आज डुक्कर निघूच नये.

कलम सातवं, दफनाबद्दल. ऑपरेशनात माझं काही झालं तर मला इथेच माती द्यावी. मय्यत विमानातून नेण्याचा उपद्व्याप करू नये. पेटी, शिक्के, दाखले, माणसं विमानतळावर उभी. साकिबने असे किती कागद फिरवलेत ते त्यालाच विचारावं. माती सगळीकडे सारखीच. गावी आमच्या मशिदीत दुआ करावी आणि काशिनाथच्या घरी निरोप

फोन वाजला. नाव मुझफ्फरचं.

अडीच वर्षांत या नावाने फोन वाजला नव्हता. मी लगेच उचलला नाही, हे लिहून ठेवतो. इक्राने उचलून माझ्या कानाला लावला. तो एवढंच म्हणाला, "भाई, आतिफला घेऊन देवरुखला चाललोय." मागे जीपचा आवाज, कुणीतरी ओरडत होतं, आणि फोन कटला.

परत लावला. लागला नाही. इक्राने तिच्या फोनवरून लावला. लागला नाही. असमा समोरच्या खुर्चीवर बसली आहे. "काय बोलला तो?" असं तिने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. देवरुखला म्हणजे दवाखान्यात, एवढं तिलाही कळतं. जिभेखाली गोळी ठेवली आहे. साकिब आणि ओवैस जुम्म्याची नमाज पढून आले. जेवायला बोलावलेले, ते न जेवता भिंतीशी बसून आहेत. डॉक्टरने धक्का लागू देऊ नका म्हटलं होतं. मी लिहीत राहतो, कारण लिहिणं थांबलं की छातीकडे लक्ष जातं. इक्रा म्हणते लिहिणं बंद करा. असमा तिला म्हणाली, लिहू दे त्यांना.

मी त्याला पाठवलं. तो रायफल मागत होता, मी त्याला अब्बांची बंदूक देऊन पाठवलं. तो एका झुडपाला गोळी मारून परत आला असता तरी मला चाललं असतं. या अल्ला, मला बंदुकीचा वारस नको, मुलगा हवा. हे कलम दफनाचं आहे, आणि मी कुणाच्या दफनाबद्दल लिहीत होतो ते मला आता वाचवत नाही.

कलम आठवं. काशिनाथचा फोन आला. जीपमधून. जे आधी सांगायचं ते त्याने शहाण्या माणसासारखं आधीच सांगितलं: "यूनुसभाय, पोरगा जिता हाय. हाताला टाकं घालायचं हायत, पन जिता हाय."

मी फोन स्पीकरवर टाकला. असमाने डोळ्यांना पदर लावला. पुढचं मी त्याच्या सांगण्यावरून लिहितो. तपशील लागणार आहेत, पोलिसांत आणि वनखात्यात जबाब होतील.

हाका सुरू झाल्यावर एकांडं नर डुक्कर पऱ्याच्या अंगाने वर आलं. आतिफने घाई केली नाही. मागचे हाकेकरी दगडाच्या आड आहेत हे बघून उजवा बार काढला. डुक्कर जागेवर पडलं. वाडीची माणसं ओरडत पुढे सरकली. आतिफ बसणीवरून उतरला, त्यांना हात करून थांबवलं, डावा घोडा चढवला आणि एकटा पुढे गेला. काशिनाथ त्याच्यामागे होता, लंगडत का होईना.

डुक्कर उठलं. आतिफने डावी नळी त्याच्या खांद्यावर धरून घोडा पाडला. घोडा पडला, बार उडाला नाही.

त्या वेळी मागे पळायला वाट होती, असं काशिनाथ म्हणतो. आतिफ पळाला नाही. डुकराच्या तोंडात त्याने बंदूकच आडवी कोंबली. लाकडी दस्ता नळ्यांपाशी मोडला, नळ्या दगडावर आपटून वाकल्या, सुळ्याने त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा चिरला, आणि तो खाली पडला तेव्हाही डुक्कर आणि काशिनाथ यांच्या मधेच पडला. एवढ्यात पलीकडच्या बसणीवरून कुणीतरी करवंदीच्या काट्यांतून धावत आलं आणि हातभर अंतरावरून बार काढला.

मी विचारलं, बार कुणी काढला.

"मुझफ्फरभायनी," काशिनाथ म्हणाला. "बसून नाय ऱ्हायलं ते."

मी म्हटलं, पोराला दे. त्याने आतिफला दिला फोन. त्याचा आवाज लहान होता, लहानपणी तापात असायचा तसा. म्हणाला, "अब्बा, डावा बार उडाला नाही." एवढंच म्हणाला. मी उन्हाळ्यात सांगितलं होतं, असं तो म्हणू शकला असता, त्याचा हक्क होता, तो म्हणाला नाही. मी विचारलं, वाट होती तर मागे का नाही आलास?

"मागे काशिकाका होते ना," तो म्हणाला.

मी बंदुकीबद्दल, पोलिसांबद्दल, टाक्यांबद्दल काहीतरी बडबडलो. उद्याचं विमान त्याला मिळणार नाही, डॉक्टर सोडणार नाहीत. परवा माझी छाती उघडतील तेव्हा तो इथे नसेल, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. म्हणाला, "तुम्ही ऑपरेशन करून घ्या, अब्बा. मी आलो की रायफलीवरून भांडू."

कलम नववं. वरच्या सहाव्या कलमात सोडलेल्या दोन ओळी मोकळ्याच राहतील. ती बंदूक आता कुणालाच देता येत नाही. मोडका दस्ता आणि वाकलेल्या नळ्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी. पाचव्या कलमात मी डाव्या घोड्याबद्दल जे लिहिलं तेही खोडत नाही. वाचणाऱ्याला कळू दे की म्हातारा किती ठाम होता. आतिफबद्दलची माझी शंका खोटी ठरली. बंदूक माझी चुकली. त्या सैल घोड्याने आज माझा मुलगा मारला असता, आणि ज्या बंदुकीला मी नळकांडं म्हटलं तिने तो वाचवला.

मुझफ्फरवरचा राग चौथ्या कलमातून काढून घेतो. तो काट्यांतून धावत गेला, याहून जास्त मी भावाकडे कधी मागितलं नव्हतं. परवान्यावरून त्याचं नाव काढलं ते मात्र बरोबरच केलं होतं. फाटक तेवढं त्याने काढावं, मुक्ताचे गुडघे दुखतात. ट्यूबचं मी विसरायचा प्रयत्न करीन.

आता नव्या बंदुकीचा प्रश्न. भात दरवर्षी पिकणार आणि डुकरं दरवर्षी येणार. इतकी वर्षं आम्ही तिघं पर्कार आपापसात भांडलो, पण जो मागून चालत येतो त्याला कुणी विचारलं नाही. म्हणून काशिनाथला आताच परत फोन लावला. ते दवाखान्याच्या दारात बसले होते. विचारलं, तुझ्या मते कुठली बंदूक घ्यावी?

काशिनाथ म्हणाला, "मला बंदुकीतला काय कळतंय, यूनुसभाय? पोरगा म्होरं असला तर मी मागून येन."

कलम दहावं आणि शेवटचं. माझ्या पश्चात नवी बंदूक कोणती घ्यायची हे आतिफ ठरवील. दुनळी, पंप किंवा रायफल, त्याला योग्य वाटेल ती. तिची किंमत माझ्या मिळकतीतून द्यावी. असमा आणि इक्रा यांनी हे मान्य करून खाली सही केली आहे. इक्राने मी विचारायच्या आधीच हात पुढे केला आणि म्हणाली, "गिव्ह मी द पेन." बापाचं मत काय होतं असं कुणी आतिफला ऐकवू नये. पाचवं कलम हे माझं मत आहे, त्याच्यावर बंधन नाही. मी जिवंत असताना हे त्याला तोंडाने सांगणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

मात्र एक अट. हे कलम मी गेल्यावरच लागू. परवाच्या ऑपरेशनातून मी उठलो, तर हा कागद साकिबच्या कपाटात राहील आणि इथे बसलेल्यांपैकी कुणीही यातलं अक्षर आतिफला सांगणार नाही. भांडण मी हरलो आहे हे कळलं तर तो भांडायला येणार नाही, आणि मला तो यायला हवा आहे.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत पुरं केलं, त्यांना वाचून दाखवलं आणि सही केली. याआधीचं माझं दुसरं मृत्युपत्र नाही. सही वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे.

यूनुस नूरुद्दीन पर्कार

वारसांची मान्यता, दहाव्या कलमापुरती, त्यातल्या अटीसह:
असमा यूनुस पर्कार
इक्रा यूनुस पर्कार

साक्षीदार. यूनुसभाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली. दहाव्या कलमाबद्दल तोंड बंद ठेवण्याचं आम्हालाही मान्य:
साकिब काझी, सालमिया
ओवैस मुकादम, बनेद अल-गार

ठिकाण: सालमिया, कुवेत
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२५